लाडूचे सगळे केस का काढावे लागले, आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. लाडू, अडीच वर्षांचा, लांब केसांच्या शीत्झू जातीचा कुत्रा, ठाण्यात राहतो. ऑगस्टच्या शेवटी ऑफिसला जाताना तुम्ही त्याला ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांची आंघोळ आणि केस कापणाऱ्याकडे, सोडलंत आणि ‘आंघोळ आणि थोडं ट्रिम’ एवढंच सांगितलंत. दीड तासाने ग्रूमरने घरी फोन केला, तो सासूबाईंनी उचलला. ‘गुंता फार आहे, सगळे काढावे लागतील’ म्हटल्यावर त्या ‘बघा, योग्य ते करा’ म्हणाल्या. संध्याकाळी लाडू पूर्ण तासलेला घरी आला, कानांची टोकं लाल होती आणि बिल ठरल्यापेक्षा 600 रुपये जास्त. दोन दिवस झाले, तो पलंगाखाली बसून राहतो आणि सारखे कान झटकतो. तुम्ही विचारलंय की रोज ब्रश करत असताना गुंता कसा झाला, ग्रूमरने स्वतःचा वेळ वाचवायला केस काढले का, आणि आता पुढे काय.

मी पुण्यात सोळा वर्षं ग्रूमरचंच काम करते आहे. बाकी सगळं नंतर, आधी कान.

कानावर जड जट लोंबत असली की तिच्या वजनाने कानाची पाळी खाली ओढलेली राहते आणि रक्ताभिसरण दबलेलं असतं. जट निघाली की रक्त एकदम मोकळं वाहायला लागतं, कान गरम होतो, त्याला मुंग्या येतात, खाज सुटते. मग कुत्रा डोकं झटकतो. लांब कानाच्या कुत्र्याने जोरजोरात झटके दिले की पाळीच्या आतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि त्वचा व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठतं. आत्ताच लाडूच्या दोन्ही पाळ्या अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबून बघा. पातळ, चपट्या लागल्या तर ठीक. एखादी पाळी लहान उशीसारखी फुगलेली, मऊ, गरम लागली तर आजच डॉक्टरांकडे न्या. ते रक्त डॉक्टरच काढतील. घरी सुई टोचायची नाही, चोळायचं नाही.

फुगवटा नसेल तर जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून टाका आणि उरलेली नळी लाडूच्या डोक्यावरून कानटोपीसारखी चढवा, म्हणजे दोन्ही कान डोक्याला चपटे बसतील. गळ्याशी दोन बोटं सहज आत जायला हवीत. शीत्झूचं नाक आधीच आखूड, त्याला श्वासाला जराही अडथळा नको. तुमच्या डोळ्यांसमोर असतानाच घाला, रात्री काढून ठेवा. एक-दोन दिवसांत झटकणं कमी झालं नाही किंवा कानाला वास यायला लागला, तर कानाच्या आत संसर्ग असू शकतो. जटेखाली बंद राहिलेल्या कानात पावसाळ्यात तो सर्रास होतो.

त्वचेचं म्हणाल तर हलकी लाली दोन दिवसांत उतरते. पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला पुरळ उठल्यासारखे पट्टे असतील, तर ते गरम ब्लेडने किंवा घासून झालेले असतात. त्यावर थंड पाण्याची ओली घडी ठेवा आणि चाटू देऊ नका. डेटॉल, टाल्कम पावडर, घरातली माणसांची मलमं यातलं काहीही नको. कुत्रा लावलेलं सगळं चाटून पोटात घेतो, आणि आपल्या कितीतरी मलमांतलं झिंक त्याला बाधतं. चिघळलं, पाणी सुटलं तर डॉक्टर.

पलंगाखाली बसण्याने तुम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटलंय, हे तुमच्या लिहिण्यातून कळलं. तो रुसलेला नाही. इतके दिवस अंगावर जाड पांघरूण होतं, आता फरशीचा गारवा, पंख्याचा वारा, तुमच्या हाताचा स्पर्श, सगळं एकदम थेट कातडीला लागतंय. त्याच्यासाठी हे नवीन आहे. पातळ सुती टी-शर्ट चालेल, पण दिवसभर नको. त्याला ओढून बाहेर काढू नका. त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, येईल. दुपारच्या उन्हात काही आठवडे फिरवू नका, कारण उघडी गुलाबी कातडी भाजते.

आता गुंत्याकडे. तुम्ही रोज ब्रश करत होतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझ्याकडे जटा घेऊन येणाऱ्या कुत्र्यांचे बहुतेक मालक रोज ब्रश करणारे, प्रेमाने करणारेच असतात.

शीत्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचे केस सतत वाढतात. ‘याचे केस गळत नाहीत’ असं सांगून ही कुत्री विकली जातात. केस गळतात, पण जमिनीवर पडत नाहीत. गळलेला केस शेजारच्या लांब केसांत अडकून तिथेच राहतो. त्यात ओलावा आणि घर्षण मिळालं की काय होतं, हे लोकरीकडे बघून कळेल. लोकर ओली करून चोळली, दाबली की तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला जाड थर, होतो. कुत्र्याच्या अंगावर हेच होतं आणि ते कातडीपाशी सुरू होतं, वर दिसत नाही. तुमचा ब्रश वरच्या दोन सेंटिमीटरमधून सुळकन फिरतो, केस चमकतात, आणि खाली नमदा तयार होत राहतो.

जागा ठरलेल्या असतात: कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, हार्नेस घासतो तिथे, मांडीच्या आत, शेपटीच्या बुडाशी, बोटांच्या मधे. पावसाळ्यात या सगळ्याला जोर येतो. फिरून आल्यावर ओल्या कुत्र्याला आपण टॉवेलने गोल गोल खसाखसा पुसतो. त्याने गुंता वाढतो, टॉवेल नुसता दाबून पाणी टिपायचं असतं. कुत्र्याचा रेनकोट काखेत घासतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत आतला थर तासन्‌तास ओला राहतो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गुंता दिसल्यावर ‘आंघोळीने सुटेल’ म्हणून आंघोळ घालणं. पाणी लागलं की गाठ आवळते. आधी कंगवा आणि मग पाणी, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे, खोबरेल तेल चोपडायची. माणसाच्या केसांसाठी असेल ते चांगलं. कुत्र्याच्या लांब केसांवर धूळ त्या तेलाला चिकटते आणि आठवड्याभरात गुंता घट्ट होतो, वर तो तेल चाटत बसतो ते वेगळंच.

आता ग्रूमरचं. ‘सगळे काढले, निदान थोडे लांब तरी ठेवायचे’ असं तुम्ही लिहिलंय. हे का शक्य नसतं ते सांगते. क्लिपरच्या, म्हणजे केस कापायच्या मशीनच्या, ब्लेडला नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितके केस बारीक राहतात. 7एफ ब्लेड साधारण 3.2 मिलिमीटर केस ठेवतं, 10 नंबरचं साधारण 1.5 मिलिमीटर. लांब केस ठेवायला ब्लेडवर प्लास्टिकचा कंगवा चढवतात, पण तो गुंत्यातून पुढे सरकतच नाही. जट कातडीला लागून असेल तर ब्लेडला कातडी आणि जट यांच्या फटीतूनच जावं लागतं आणि त्या फटीत फक्त बारीक ब्लेड मावतं. म्हणजे किती केस राहणार हे ग्रूमरच्या मनावर नसतं, जट कुठून सुरू झाली त्यावर असतं. लाडूचे केस तीन मिलिमीटरच्या आत असतील तर जट मुळापर्यंत गेली होती.

खात्री करायची असेल तर ग्रूमरला एकच गोष्ट विचारा: केस सुटे सुटे निघाले की एकसंध पापुद्र्यासारखे? नमदा झालेले केस मेंढीच्या कातरलेल्या लोकरीसारखे एका तुकड्यात उतरतात. मी तो तुकडा फेकत नाही. पिशवीत घालून मालकाच्या हातात देते, आतली बाजू वर करून, म्हणजे बोटं फिरवून बघता येतं. तुमच्या ग्रूमरने फोटो काढला असेल तर मागून घ्या.

‘पण सोडवता आला असता ना?’ सुरुवातीच्या वर्षांत मीही असंच मानायची. एक ल्हासा आली होती, मालकीणबाई अक्षरशः रडत होत्या, केस वाचवा म्हणून. मी चार तास बसले. एकेक गाठ फोडली, केस वाचवले, फोटो छान आला. त्या चार तासांत ती कुत्री आधी कुरकुरली, मग गुरगुरली, मग गप्प झाली आणि थरथरत उभी राहिली. पुढच्या वेळी माझ्या हातात स्लिकर (बारीक तारांचा ब्रश) बघताच ती टेबलावरच लघवी करून बसली. तिला पुन्हा कंगव्याजवळ आणायला मला वर्ष लागलं. ते काम मी करायला नको होतं. एखाद्याने आपले केस मुठीत धरून तासन्‌तास ओढले तर काय वाटेल ते आपण सांगू शकतो, तिला सांगता येत नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे: सुट्या गाठी असतील तर पंधरा-वीस मिनिटं प्रयत्न करीन, अंगभर नमदा असेल तर क्लिपर. केस परत येतात.

आपल्या महाराष्ट्रात बायकांच्या डोक्यातली जट काढण्याचं काम अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. जट उतरल्यावर मान हलकी झाली, नीट झोप लागली, असं त्या बायका सांगतात. माझ्या टेबलावरून उतरलेली कुत्री जेव्हा अंग ताणून लांब आळस देते, तेव्हा मला त्या बायकांची आठवण होते. काखेतली जट प्रत्येक पावलाला कातडी ओढत असते. कितीतरी मालक ‘म्हातारा झालाय, चालत नाही’ म्हणतात आणि जट निघाल्यावर तेच कुत्रं जिने चढतं.

शिवाय जटेखाली काय आहे ते वरून कळत नाही. ओलसर चिघळलेली जखम, गोचिडांचे पुंजके, बोटांमधे रुतलेलं कुसळ, हे सगळं मी पाहिलं आहे. एका भर पावसाळ्यात एका पॉमेरेनियनच्या शेपटीखालच्या जटेत अळ्या निघाल्या. वरून फक्त जरा वास येत होता. मी क्लिपर ठेवला आणि त्याला तसंच उचलून डॉक्टरांकडे नेलं. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे कुत्र्यांचे जीव घेतो, आणि जटेत दडलेली गोचीड वरून शोधणं अशक्य असतं. म्हणून पुढचे काही दिवस लाडूच्या उघड्या अंगावरून रोज हात फिरवा. जेवण कमी, मरगळ, फिक्या हिरड्या यातलं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या.

तर केस काढण्याबद्दल मी तुमच्या ग्रूमरला दोष देणार नाही. दोष आहे तो सांगण्यात, आणि तो छोटा नाही. कुत्रा हातात घेताना ग्रूमरने तुमच्यासमोर कंगवा लावायला हवा होता. बारीक दातांचा धातूचा कंगवा कानामागे, काखेत, शेपटीशी लावायचा आणि तो अडकतो ते मालकाला दाखवायचं. दोन मिनिटांचं काम. तिथेच ठरतं की केस किती राहतील, जादा पैसे किती लागतील, जटेखाली जखम निघाली तर काय करायचं. मी हे लिहून सही घेते. दीड तासाने फोन करणं म्हणजे कुत्रा बहुतेक आधीच भिजवून झालेला असतो आणि मालकापुढे पर्यायच उरत नाही. फोनही ज्याच्याशी बोलणं झालं त्यालाच जायला हवा. सासूबाईंवर राग धरू नका, त्यांनी माणसावर विश्वास ठेवला आणि लाडूच्या सोयीचं उत्तर दिलं.

600 रुपयांचं मी असं बघते: जटेचं काम दुप्पट-तिप्पट वेळ घेतं, मळलेल्या केसांनी ब्लेडची धार लवकर जाते, ब्लेड तापतं म्हणून सारखं थांबून मनगटावर टेकवून बघावं लागतं. जादा पैसे घेणं रास्त आहे. ते आधी न सांगणं रास्त नाही.

त्याच्याशी बोला, मेसेज नको, प्रत्यक्ष जा. ‘लाडूचे केस काढावे लागले हे मला समजलं. पण मला सोडतानाच दाखवायला हवं होतंत, आणि कानांबद्दल घरी पाठवताना सांगायला हवं होतंत.’ एवढंच बोला आणि थांबा. चांगला ग्रूमर इथे मान खाली घालेल आणि पुढच्या वेळी काय करू ते सांगेल. उलट ‘तुम्हीच लक्ष देत नाही’ एवढंच ऐकवलं तर दुसरा शोधा. कातरीची जखम लपवली असेल, भाजल्याचे मोठे डाग असतील, तर गोष्ट वेगळी. मग तारखेसह फोटो, डॉक्टरांची लेखी नोंद आणि बिल जपून ठेवा. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. तुम्ही लिहिलंय त्यावरून मात्र तुमचं प्रकरण तसं वाटत नाही.

एका बाबतीत अजिबात तडजोड करू नका. ‘झोपेची गोळी देऊन शांतपणे करतो’ असं कुठला ग्रूमर म्हणाला तर लाडूला घेऊन बाहेर पडा. गुंगीचं औषध देणं हे नोंदणीकृत पशुवैद्यांचं काम आहे, आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला गुंगीत श्वासाचा धोका जास्त असतो. खरंच गरज असेल तर दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तसंच पिंजऱ्यात बंद करून गरम हवेचा ड्रायर लावून निघून जाणारी जागाही शीत्झूसाठी नाही. उष्णता त्याला सहन होत नाही.

आणि घरी कातरी कधीच नाही. जट ओढली की कातडी तंबूसारखी वर येते, जटेच्या आत शिरते. आपल्याला केस वाटतात ती कातडी असते. दरवर्षी कोणीतरी काखेत इंचभर चिरलेलं कुत्रं घेऊन रात्री मला फोन करतं आणि मी त्यांना टाक्यांसाठी दवाखान्यात पाठवते.

आता पुढचं. शीत्झूचे केस ढोबळमानाने महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. दिवाळीपर्यंत लाडू मखमली दिसेल, नाताळपर्यंत टेडीसारखा. (कोणाच्या गोल्डन रिट्रीव्हरला किंवा हस्कीला ‘उन्हाळा आहे, झिरो कट मारा’ म्हणू नका. त्यांच्या दुहेरी थराचे केस कधी कधी महिनोन्‌महिने नीट येत नाहीत. लाडूला ती भीती कमी आहे.)

आत्ताचे हे छोटे केस म्हणजे तुम्हाला मिळालेली सोन्यासारखी संधी आहे. केस अडकत नाहीत, दुखत नाही, तेव्हाच त्याला कंगव्याची सवय लावा. दोन वस्तू आणा: मऊ टोकांचा स्लिकर ब्रश, आणि एका बाजूला विरळ व दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला धातूचा कंगवा. पहिला आठवडा नुसता कंगवा अंगावर टेकवायचा आणि उकडलेल्या चिकनचा कण द्यायचा. बाकी काही नाही.

केस दोन बोटं रुंदीएवढे झाले की पद्धत बदला. त्याला कुशीवर निजवा. एका हाताने केस वर धरा, म्हणजे खाली कातडीची रेघ दिसेल, भांग पाडल्यासारखी. त्या रेघेवरचे थोडेसेच केस खाली घ्या आणि मुळापासून टोकापर्यंत ब्रश फिरवा. मग पुढची रेघ. स्लिकर जोरात दाबायचा नाही, आधी आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. सगळं झालं की कंगवा मुळापासून फिरवायचा. तो न अडकता गेला तरच ब्रशिंग झालं असं समजायचं. आठवड्यातून तीन वेळा दहा मिनिटं पुरतात. एका बसणीत सगळं अंग करायचा हट्ट नको. आज पाय, परवा पोट.

छोटी गाठ सापडली तर तिच्या मुळाशी केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांवर येईल, कातडीवर नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, गाठ बोटांनी उभी फाडा, मग कंगव्याच्या कोपऱ्याने टोकाकडून सोडवत मुळाकडे या. पाच मिनिटांत सुटली नाही तर सोडून द्या आणि ग्रूमरकडे न्या. एका गाठीसाठी नेणं स्वस्त पडतं.

घरात हार्नेस काढून ठेवा. आंघोळीनंतर आणि पावसातून आल्यावर पूर्ण वाळवा, केस वाळवायचा ड्रायर थंड हवेवर ठेवून, ब्रश करत करत. ग्रूमरकडे चार ते सहा आठवड्यांनी न्या. तिथे ‘थोडं ट्रिम’ म्हणू नका. तुमचं थोडं वेगळं, त्याचं वेगळं. बोट पुढे करा आणि सांगा, ‘अंगावर एक पेर, कान आणि शेपटी लांब, आणि इतके राहत नसतील तर पाण्यात घालायच्या आधी मला या नंबरवर फोन करा.’

मोज्याची कानटोपी आज रात्री काढायला विसरू नका, आणि उद्या सकाळी दोन्ही पाळ्या पुन्हा दाबून बघा.